पाव्हण्यासाठी आवरलेलं घर

मी ज्या घरी कामाले गेलो त्या घरातलं काही ना काही मोडलंच. हे मी नाही म्हणत, बायको म्हणते, आन् तिले सगळं तोंडपाठ हाये. बाजार समितीत हमाली केली तं पहिल्याच दिवशी सोयाबीनचं पोतं फुटलं. मंडपवाल्याकडं लागलो तं नवरदेव ज्या खुर्चीवरून पडला तिचा पाय म्याच ठोकेल होता. म्हणून जवा मी घरी सांगतलं का लोणारात एका अपंग माणसाकडं मदतनीस म्हणून लागून राह्यलो, तवा तिनं भाकर थापता थापता इचारलं, "त्या बिचाऱ्याचं आता आणखी काय मोडाचं राह्यलं?"

मी हसलो. मंग सहा महिन्यानं तिचं म्हणणं खरं कराले निंगालो.

तो माणूस तिशीतला. मी त्याले भाऊ म्हणतो, तो मले मामा म्हणते. गाव साखरखेर्ड्याच्या बाजूचं. मोटारसायकल घसरली, पाठीच्या मणक्याले मार बसला, आन् कमरेखालचं अंग आपलं हाये का दुसऱ्याचं हे त्याले कळेनासं झालं. दोन वर्ष घरी खाटीवर काढली. त्याचा मोठा भाऊ त्याले पाठीवर घेऊन संडासले नेत होता, आंघोळ घालत होता. माय घास भरवत होती, त्याचे हात धडधाकट असून. पडून पडून बुडावर जखम झाली ती हाडापर्यंत गेली, आन् कळलीच नाही, कारण तठी दुखतच नाही. मंग दवाखाना. तठी त्याले एक बाई भेटली. अपंग माणसायनं आपल्या घरी आपल्या मर्जीनं राहावं यासाठी काम करणाऱ्या एका संस्थेतली. आमी सगळे तिले ताई म्हणतो.

संस्थेनं त्याले चाकाच्या खुर्चीतून खाटीवर आन् खाटीवरून खुर्चीत सोताहून सरकाले शिकवलं. शिकवणाराही खुर्चीवरचाच होता, म्हणून शिकला. धडधाकट माणसाचं ऐकलं नसतं त्यानं. लोणारात खालच्या मजल्यावर दोन खोल्या पाहून देल्ल्या. समोरच्या खोलीत बसून भाऊ लोकायचे ऑनलाइन फॉर्म भरते, त्यात त्याचं भागते. आन् सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास एक मदतनीस. तो मी. बाकीचे वीस तास तो एकटा.

घरच्यायले हे बिलकुल पसंत नव्हतं. गावातून निंगाच्या दिवशी मोठ्या भावानं सगळ्यायसमोर सांगतलं, "सहा महिने देतो. मंग मी येईन पाहाले. त्या दिवशी तुले एकदा जरी कोणाले उचलावं लागलं, तं टेम्पोत सामान भरून घरी आणीन. मंग ताईचं ऐकाचं नाही आन् तुहंबी नाही."

भाऊ म्हणला, "मंजूर."

हे भाऊनं मले पहिल्याच दिवशी सांगतलं होतं. म्हणजे मले माहीत नव्हतं असं म्हणून मी सुटू शकत नाही. लय इचार करून पाह्यलं, नाही सुटता येत.

मले शिकवाले ताईनं पंधरा दिवस घेतले. पहिल्या दिवशी तिनं मले चाकाच्या खुर्चीत बसवलं आन् म्हणली, संध्याकाळपर्यंत उठायचं नाही. मले वाटलं, बसाचा पगार, यापेक्षा चांगली नोकरी कोणती. दुपारी ती मले ढकलत चहाच्या टपरीवर घेऊन गेली. टपरीवाला माहा दहा वर्षाचा ओळखीचा. त्यानं माह्याकडं पाह्यलं बी नाही, ताईले इचारलं, "ह्यायले साखर चालते का?"

मी म्हणलं, "अबे, काल उभ्यानं दोन कप पेलो नं तुह्याकडं."

तो म्हणला, "ते कालचं झालं."

ताईचा एकच कायदा होता. भाऊनं सांगतल्याबिगर हात पुढं आणायचा नाही. "तुमी हात मागं बांधून उभे राहा, मामा. त्यानं मागतलं तं द्या. नाही मागतलं तं त्याले लागलेला येळ पाहात राहा." मी शाळेत गेलो नाही. गेलो असतो तं हात मागं बांधून उभं राहाणं तठीच शिकलो असतो, पंधरा दिवस वाचले असते.

आता ते घर कसं होतं ते सांगतो, कारण सगळा घोटाळा त्यातच हाये. दाराच्या उंबऱ्यावर लाकडाचा उतार टाकेल, म्हणजे खुर्ची आत येते. गॅसची शेगडी ओट्यावर नाही, गुडघ्याएवढ्या टेबलावर. साखर, पत्ती, मीठ, तिखट, सगळे डब्बे भिंतीले लागून खाली, ओळीनं. खाटीच्या चारी पायाखाली दोन दोन इटा, म्हणजे खाट खुर्चीच्या बरोबरीनं येते. एक गुळगुळीत पाट, तो खुर्ची आन् खाटीच्या मधात ठेवून त्यावरून सरकाचं. आन् एक आरसा, लांब काडीले बांधेल, खाटीच्या उशाजवळ. तो भांग पाडाले नाही. त्यात भाऊ रोज आपलं बूड पाहाते, लाल झालं का, जखम होऊन राह्यली का. दुखत नाही म्हणल्यावर पाहावं लागते.

सहा महिने गेले. एकदाही कोणाले उचलावं लागलं नाही. मले तं त्या घरात मोडाले काही भेटलं नाही.

मंग मोठ्या भावाचा फोन आला. रविवारी येतो, चार वाजता.

नेमकी त्याच रविवारी भाऊची बुलढाण्याले तपासणी निंगाली. ताई सकाळी सहालेच गाडी घेऊन आली. जाता जाता भाऊ मले म्हणला, "मामा, झाडून ठेवजा. बस."

बस म्हणला होता. म्या ऐकलं होतं.

पण मी घरी बायकोले सांगतलं होतं का पाव्हणे येणार हाये. ती म्हणली, "मंग मिठाचा डब्बा जमिनीवर पाहून काय म्हणतीन ते? असं घर ठेवतेत का माणसाचं? बोल तुलेच लागन, मदतनीस काय झोपा काढते म्हणून." ते माह्या डोक्यात गेलं. आपल्याकडं पाव्हणा येणार म्हणलं का घरातलं खालचं वर जाते. अंथरूण वर, भांडी वर, डब्बे वर. जे वर जात नाही ते खाटीखाली जाते. म्या बी तेच केलं.

माह्या घरात पंचवीस वर्षात म्या झाडू हाती धरेल नाही. त्या दिवशी मले काय झालतं कोण जाणे. शेगडी उचलली, ओट्यावर ठेवली. ते बुटकं टेबल खाटीखाली सारलं. डब्बे पुसून वरच्या फळीवर लावले, मोठ्यापासून लहान्यापर्यंत, दुकानावानी. उतार पाव्हण्याच्या पायात येईन म्हणून मागं न्हाणीजवळ नेऊन ठेवला. आरसा खिळ्याले लावला, क्यालेंडरच्या बाजूले. पाट माळ्यावर टाकला. खाटीखालच्या इटा पाहून मले पहिल्या दिवसापासून कसंतरी होत होतं, जशी खाट पाण्यात उभी हाये. त्या काढल्या. आता आठ इटायचं करू काय? अंगणात घरमालकाचं सदाफुलीचं झाड होतं, त्याभवती गोल आळं केलं. नुसत्या इटा चांगल्या दिसत नव्हत्या म्हणून गेरू लावला.

मंग दाराशी उभा राहून पाह्यलं. सांगतो तुमाले, लग्नाच्या घरावानी दिसत होतं.

बारा वाजता दारात टेम्पो उभा राह्यला. चार म्हणले होते, बाराले आले. मोठा भाऊ खाली उतरला, चाळिशीचा, रापेल, पांढरा शर्ट. ड्रायव्हरले म्हणला, "तू जेवून ये. मंग भरू." तो आत आला, टोपी काढली, चहूकडं पाह्यलं आन् म्हणला, "घर चांगलं ठेवलं तुमी."

माही छाती फुगली. ती जास्त येळ फुगेल राह्यली नाही, कारण तो खाटीजवळ गेला, हातानं तिची लांबी मोजली, आन् सोताशीच म्हणला, "एका खेपेत होते."

तवा मले पहिल्यांदा काहीतरी टोचलं. काय ते कळलं नाही. मी पाणी देल्लं.

पाऊणले ताईची गाडी आली. तिनं मागून फळी लावली, भाऊ खुर्चीसकट सोताहून खाली उतरला. तिनं मोठ्या भावाले नमस्कार केला, आन् माह्याजवळ येऊन हळूच म्हणली, "मी थांबत नाही. थांबली तं दादायले वाटन वकील आणला." गाडी गेली.

भाऊ खुर्ची ढकलत दाराशी आला. आन् थांबला. उंबरा जागेवर, उतार नाही.

"मामा, उतार?"

"मागं हाये भाऊ. पाव्हण्यायच्या पायात..."

मोठा भाऊ उठला. "कायचा उतार न् कायचं काय. मी घेतो, एका मिन्टाचं काम." वाकला, आन् त्याचा हात भाऊच्या काखेत गेला बी. सवयीचा हात तो. दोन वर्ष रोज जात होता.

"दादा. हात काढ."

आवाज मोठा नव्हता. मोठ्या भावानं हात काढला, पण टेम्पोकडं पाह्यलं. भाऊनंही तिकडंच पाह्यलं. मी पळालो. न्हाणीजवळून उतार आणला, घाईत उलटा टाकला, मंग सुलटा टाकला. खुर्ची आत आली.

भाऊनं घर पाह्यलं. डावीकडून उजवीकडं, हळू. फळी, ओटा, क्यालेंडर, खाट. मंग मले पाह्यलं. मी हसलो. अशा येळी मले हसू येते, ही माही बिमारी हाये. सासरा मेला तवाही आलतं.

मोठा भाऊ खुर्ची ओढून बसला. "बरं दिसते घर. आता भावाले चहा पाजतो का? का हे पाजतीन?" हे म्हणजे मी.

"मीच पाजतो," भाऊ म्हणला, आन् सैपाकाच्या खोलीकडं वळला.

मी मागं गेलो आन् हात मागं बांधले. शेगडी ओट्यावर. भाऊच्या खांद्याच्याही वर. पातेल्यात काय उकळून राह्यलं हे त्याले दिसूच शकत नव्हतं. पत्ती-साखर तं अशा जाग्यावर का मलेच टाचा उचलाव्या लागल्या होत्या. भाऊनं हात वर केला, शेगडीची चावी चाचपली. वरून उकळता चहा सांडला तं तो मांडीवर पडन, आन् मांडी भाजली हे त्याले वासानंच कळन.

मोठा भाऊ दाराशी येऊन उभा होता. "सहा महिने असाच चहा करत होता का तू?"

भाऊचा चावीवरचा हात तसाच होता. मी मनात म्हणलं, करू नको रे बाप्पा. तोंडानं म्हणाले पाहिजे होतं का हे मले आजही ठरवता येत नाही. मंग त्यानं हात खाली घेतला.

"मामा, टेबल खाटीखाली हाये?"

"हो."

"काढा."

"भाऊ, मीच पटकन करून..."

"टेबल काढा, मामा."

काढलं. शेगडी खाली घ्या म्हणला, घेतली. नळी सरळ करा म्हणला, केली. पत्ती म्हणला. साखर म्हणला. एक एक. मी फळीवरून डब्बे उतरवून राह्यलो आन् मोठा भाऊ पाहून राह्यला. शेवटी तो म्हणला, "म्हणजे तू हुकूम देशीन आन् हे करतीन. हुकूम तं घरीबी देता येते. माय करतेच नं."

"घरी मी म्हणलो टेबल आण, तं माय चहा आणत होती," भाऊ म्हणला. "मले टेबल पाहिजे राहे."

मोठ्या भावाचा चेहरा उतरला.

चहा भाऊनंच केला. मोठ्या भावानं घोट घेतला, आन् कप पाहात राह्यला. चांगला झालता, पण ते तो म्हणणार नव्हता. मले बी देल्ला.

तवर दोन वाजत आले. भाऊ सहापासून खुर्चीत. दर थोड्या येळानं त्याले हातावर जोर देऊन बूड वर उचलावं लागते, रगत फिराले. आता उचलताना त्याचे दंड कापत होते. मोठ्या भावाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"थकला तू."

"हो. पडतो थोडा." भाऊ खुर्ची घेऊन खाटीजवळ गेला.

आन् मले ते टोचलेलं काय होतं हे आता कळलं.

खाट खाली बसेल. खुर्चीपेक्षा वीतभर खाली. वरून खाली सरकणं सोपं, घसरगुंडीच. पण खालून परत वर येणं, नुसत्या हाताच्या जोरावर, हे त्याले जमणार नव्हतं. कोणाले बी जमणार नव्हतं. म्हणजे खाटीवर गेला तं उठाच्या येळी कोणाले तरी उचलावं लागन. आन् नाही गेला, खुर्चीतच बसून राह्यला, तं ती जुनी जखम परत उघडन. इकडून पाह्यलं तरी टेम्पो, तिकडून पाह्यलं तरी टेम्पो. आन् टेम्पो म्याच बोलावल्यावानी.

भाऊनं खाटीचा पाय पाह्यला. "मामा. इटा?"

मी म्हणलं, "अंगणात."

"आठही?"

"आठही. गेरू लावला."

मोठा भाऊ हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. त्यानं शर्टाच्या बाह्या वर केल्या. "बस झालं आता. पुरे झाला खेळ. चाल."

भाऊनं दोन्ही हातानं चाकं धरली. "दादा, तू म्हणलता, उचलावं लागलं तं. अजून लागलं नाही."

"नाही लागलं?" मोठ्या भावाचा आवाज चढला, आन् मंग फाटला. "तुह्या बुडाची जखम म्या धुतली हाये. दिवसातून दोन येळा. त्यात माहं बोट जात होतं, माहीत हाये का तुले? तुले दुखत नाही, मले दुखते. आठ तास झाले तू बसेल हाये. या हट्टापायी परत दवाखान्यात जाशीन, आन् या खेपेला वाचशीन का नाही ते कोणी सांगावं."

बाहेर टेम्पोचा ड्रायव्हर परत आलता, गाडीचं दार वाजलं.

मोठा भाऊ माह्याकडं वळला. "तुमी रोजचे हाये इथले. तुमीच सांगा. जमते का ह्याले एकट्याले?"

मी जन्मभर कोणत्या सवालाले जवाब देल्ला नाही असं झालं नाही. माहीत असो का नसो. माह्याजवळ त्या येळी दहा जवाब होते, त्यातले चार तं विनोदी होते. भाऊ माह्याकडं पाहून राह्यला होता. मी मागं बांधेल हात इतके आवळले का नखं रुतली.

मी म्हणलं, "मले नका इचारू, दादा. त्यायले इचारा."

मोठा भाऊ माह्याकडं पाहातच राह्यला. मले वाटलं आता हा मले उचलते आन् टेम्पोत टाकते. मंग तो भाऊकडं वळला. पण काही इचारलं नाही. इचाराची सवय नव्हती त्याले.

भाऊच बोलला. "दादा, तुले उचलाचंच हाये नं? खाट उचल. उशाच्या बाजूनं. मामा इटा सारतीन."

मी अंगणात पळालो, सदाफुलीचं आळं उपटलं, आठ इटा दोन खेपेत आणल्या. गेरू घामाच्या हाताले लागला. परत आलो तवा मोठा भाऊ तसाच उभा होता, आन् मी मनात म्हणलं, गेलं सगळं. पण त्यानं नाक ओढलं, वाकला, आन् खाटीची एक बाजू उचलून धरली.

मी इट उभी ठेवली.

"आडवी, मामा," भाऊ म्हणला.

आडवी ठेवली. त्यावर दुसरी. मंग पायथ्याची बाजू. मोठ्या भावाच्या मानेची शीर फुगेल होती, त्याची पाठ त्याले त्रास देते हे मले मागून कळलं, दोन वर्षाच्या वझ्यानं. तोंडातून आवाज काढला नाही त्यानं. चौथा पाय डुगडुगत होता, मी कागदाची घडी घातली. माळ्यावरून पाट काढला, माह्या डोक्यावर पडला, ते ठीकच झालं.

भाऊनं खुर्ची खाटीले लावली. चाकायचे ब्रेक लावले. पाट मधात सारला. मंग एक पाय हातानं उचलून खाटीवर ठेवला, मंग दुसरा, जसे ते दुसऱ्याचे असतीन आन् जपून परत द्यायचे असतीन. हातावर जोर देल्ला. उचललं. आन् सरकला, अर्धा.

तठीच थांबला. पाटाच्या मधोमध, खाली खुर्ची आन् खाटीमधली फट. सकाळपासून बसून हाताचं बळ गेलं होतं. दंड थरथर. कपाळावरून घाम नाकावर आला.

मोठ्या भावाचे हात पुढं गेले. मी ते धरले. कसे धरले मले माहीत नाही, त्या माणसानं मले एका झटक्यात भिंतीले लावलं असतं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर दोन्ही बाह्यायले माहे गेरूचे पंजे उमटले. तो माह्याकडं पाहून राह्यला, मी त्याच्याकडं.

भाऊनं डोळे मिटले. तीनदा दम घेतला. मंग परत जोर देल्ला, आन् सरकला. खाटीवर.

माह्या हाताखाली मोठ्या भावाचे हात सैल पडले.

"आरसा," भाऊ म्हणला.

तो क्यालेंडरच्या बाजूले खिळ्यावर होता. काढून देल्ला. भाऊ कुशीवर वळला, पायजमा खाली सारला, काडी धरून आरसा मागं नेला. मोठा भाऊ भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला. मी जमीन पाहात होतो. लाल असन का, फुटेल असन का, आन् फुटेल असन तं ते म्या फोडेल हाये. आल्या आल्याच हा माणूस त्या खाटीवर असाले पाहिजे होता.

लय येळ पाह्यलं त्यानं. खोटं बोलता आलं असतं त्याले. आरसा त्याच्याच हातात होता.

"लाल हाये," तो म्हणला. "मोठ्या रुपयाएवढं. फुटलं नाही."

"पाहू दे," मोठा भाऊ म्हणला. मंग थांबला. "पाहू का?"

"पाह्य."

त्यानं वाकून पाह्यलं, बोटानं दाबलं, सोडलं, परत दाबलं. दवाखान्यात शिकला असन. "दाबल्यावर पांढरं होते."

"मंग जाते ते. दोन दिवस पालथा पडतो. कामं पालथ्यानंच करीन. ताईले मी फोन करतो आता."

मोठा भाऊ मागं सरला आन् बसाले जागा पाह्यली. जवळ ती चाकाची खुर्चीच होती. तिच्यातच बसला. थोड्या येळानं म्हणला, "मंग माहं काय चुकलं ते सांग. दोन वर्ष म्या दुसरं काही केलं नाही."

"तुहं काही चुकलं नाही, दादा."

"मंग?"

"तू नेत होता, ते चांगलंच नेत होता. पण तू कवा येशीन ते पाहात पडाचं, संडासले बी." भाऊचं तोंड उशीत होतं, आवाज तिकडूनच येत होता. "ते मले नाही जमलं."

मोठा भाऊ उठला तवा ड्रायव्हर दाराशी आलता. "भराची का खाट?"

"नाही," मोठा भाऊ म्हणला. "गाडी चालू कर." टोपी घातली, शर्टाच्या बाह्या पाह्यल्या, माहे पंजे पुसाचा प्रयत्न केला, आणखी पसरले. खाटीकडं पाहून म्हणला, "मायले काय सांगू?"

"चहा पाजला म्हणून सांग."

तो गेला. पुढच्या खेपेला येऊन पाहातो असं म्हणला नाही, येत नाही असंबी म्हणला नाही.

टेम्पोचा आवाज पार गेल्यावर मी म्हणलं, "भाऊ, मले कामावरून काढाचं असन तं काढा. बायकोले तसं सांगायची सवय हाये मले."

भाऊ हसला नाही. पालथाच पडेल होता, मान माह्याकडं वळवली.

"मामा, एक इचारतो. माहं घर दाखवण्यासारखं नव्हतं असं वाटलं का तुमाले?"

मी तोंड उघडलं. म्हणलं, "नाही भाऊ, मले वाटलं..." आन् पुढचं आलंच नाही. काहीतरी येईन, माहं नेहमी येते. नाही आलं. जे वाटलं होतं ते तेच होतं.

त्यानं मले जास्त ताणलं नाही. "जसं होतं तसं लावून द्या," म्हणला. "मी सांगतो."

मी फळीवरचे राह्यलेले डब्बे काढाले लागलो. पहिला हातात आला तो मिठाचा. आधी मी तो न इचारता ठेवला असता, रोज पाहेल होती ती जागा. त्या दिवशी डब्बा हातात धरून उभा राह्यलो.

"भाऊ, मीठ कुठी?"

"खाली," तो म्हणला. "भिंतीले लागून. तेलाच्या अलीकडं."

"हे इथं?"

त्यानं मान वळवून पाह्यलं. "थोडं माह्याकडं."

सारलं.

"आणखी थोडं."